नाओमीचा दुसरा प्रश्न

पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या ओसरीत पाट्यांवरच्या बेरजा तपासत बसलो होतो. पोस्टमनने सायकलवरूनच एक पाय खाली टेकवला आणि निळं अंतर्देशीय पत्र माझ्यापुढे धरलं.

"मास्तर, नगरच्या बोर्डिंगातून आलंय. अक्षर पोरीचं दिसतंय. कुणाच्या घरी निरोप द्यायचा असला तर सांगा, मी त्याच बाजूला चाललोय."

"नाही, मलाच आहे," मी म्हणालो.

पत्र नाओमीचं होतं. वय वर्षं दहा. दोन ओळी खुशालीच्या आणि खाली दोन प्रश्न, परीक्षेच्या कागदावर असतात तसे आकडे घालून. पहिला होता, "गुरुजी, आपण आणि रोमन लोक वेगळे का?" दुसरा वाचताना माझे कान तापले. मी पत्राची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पुन्हा बेरजांकडे वळलो. त्या दिवशी दोन बरोबर बेरजांवर मी फुली मारली.

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही.

पहिला प्रश्न नाओमीने मला त्याच्या महिनाभर आधी तोंडीही विचारला होता, शब्बाथशाळेत. रविवारच्या उपासनेआधी तासभर मुलांना पवित्र शास्त्र शिकवायचं, ते काम निंबेवडगावात माझ्याकडे होतं. गाव नेवासे तालुक्यातलं, मधून ओढा गेलेला. अलीकडे आमची मिशनची आळी आणि अमेरिकन मिशनने बांधलेलं दगडी देऊळ. पलीकडे रोमन कॅथलिकांची आळी, त्यांचं देऊळ आणि फादरांचा दवाखाना. आडनावं दोन्हीकडे तीच. नाकंही तीच. रविवारी आमची घंटा आधी वाजे, मग त्यांची. आणि त्यांची वाजायला लागली की आमच्यातली म्हातारी माणसं जरा मोठ्याने खाकरत.

त्या मे महिन्यात नाओमीच्या थोरल्या बहिणीचं, सलोमीचं, लग्न ठरलं होतं. सलोमी आमच्या मिशन दवाखान्यात नर्स. नवरामुलगा आंतोन, पलीकडच्या दवाखान्यात कंपाउंडर. लग्न रोमन देवळात व्हायचं होतं. दोघी बहिणींना आईबाप नव्हते, राहेलबाई आजीने वाढवलं होतं. आणि आजीने सांगून टाकलं होतं की ओढा ओलांडलास तर परत माझ्या दारात येऊ नकोस.

"गुरुजी," नाओमी वर्गात उभी राहिली, "सलोमीताईचं लग्न पलीकडं झाल्यावर ती ख्रिस्ती राहणार नाही का?"

"अगं, तेही ख्रिस्तीच आहेत."

"मग दोन देवळं कशाला?"

"भांडण झालं असणार," शांतवन म्हणाला. हा दुशिंगांचा मुलगा, विचारलं नाही तरी उत्तर देणारा. "आमच्या चुलत्यानं पण वेगळी चूल मांडलीय. घर एकच, दारं दोन."

मुलं हसली. मी म्हणालो, पुढच्या रविवारी नीट सांगतो.

आठवडाभर मी वाचलं. माझ्याकडे ख्रिस्ती मंडळींच्या इतिहासाची तीन जाडजूड पुस्तकं होती. एका निवृत्त मिशनरीसाहेबाने जाताना दिलेली. मी टिपणं काढली. रविवारी फळ्यावर एक झाड काढलं, त्याच्या फांद्यांवर सनावळ्या लिहिल्या. रोम, जर्मनी, इंग्लंड. साडेचारशे वर्षांपूर्वी जर्मनीत रोमच्या पोपशी भांडून आमची मंडळी वेगळी कशी झाली, यावर चाळीस मिनिटं बोललो. मध्ये मला वाटलंसुद्धा की बरं चाललंय.

शेवटी शांतवनने हात वर केला. "गुरुजी, पण जर्मनीतलं भांडण आपल्या ओढ्यापर्यंत आलं कसं?"

मी काही बोलण्याआधी मागून कुणीतरी म्हणालं, "बोटीनं!"

सगळा वर्ग हसला. नाओमी हसली नाही. घंटा झाल्यावर सगळे उपासनेला पळाले, ती फळ्यापाशी थांबली.

"गुरुजी, बुधवारी लग्न आहे. आजी येत नाही म्हणते. ताई तिकडं रडते आणि आजी रात्रभर इकडं खाटेवर कूस बदलते. तुम्ही आजीला सांगा ना."

"मी काय सांगणार?"

"हेच. ते पण ख्रिस्तीच आहेत म्हणून. तुम्ही सांगितलं तर ऐकेल. तुम्ही पुस्तकं वाचता."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला मला कधीच जमलं नाही, आणि हो म्हटलेलं पार पाडायलाही फारसं जमलेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी राहेलबाईंकडे निघालो तेव्हा ओढ्याच्या दगडांवर नाओमी बसलेली दिसली. पलीकडच्या काठावर आंतोनचा धाकटा भाऊ पास्कल होता, तिच्याहून एका वर्षाने मोठा. मधून घोटाभर पाणी वाहत होतं. मी बाभळीआड थांबलो. चोरून ऐकायचा हेतू नव्हता. मध्येच पुढे गेलो तर दोघं गप्प होतील असं वाटलं.

"तुमच्यात किती येळ गुडघ्यावर बसत्यात?" पास्कल विचारत होता.

"आमच्यात बसायला बाकं आहेत."

"मजा आहे तुमची. माझं गुडघं बघ, बैलाच्या खांद्यावानी झाल्यात."

"आमच्यात प्रभुभोजनाला खरी भाकर असते. मोठी माणसं चावून खातात."

"चावून?" पास्कल उठून उभा राहिला. "आमच्यात चावायची न्हाई. दाताला लागली तर सिस्टर कान पिळती."

"मग खायची कशी?"

"जिभेवर ठेवायची, ती आपोआप जाती."

नाओमीने थोडा विचार केला. "माझा एक दात पडलाय. मला तुमच्यात जमेल."

"बुधवारी माझ्या शेजारी बस. कवा उठायचं, कवा बसायचं, मी कोपरानं सांगतो. तू करवली हाईस, चुकलीस तर समदं गाव बघंल."

"आणि तू आमच्यात आलास की मी सांगीन."

"मला कोण येऊ देतंय?" पास्कल म्हणाला, आणि दोघंही पाण्यात खडे टाकत बसली.

राहेलबाईंनी मला ओट्यावर बसवलं आणि चहा दिला. त्या मिशनच्या बायबलबाई होत्या. चाळीस वर्षं गावोगाव पायी जाऊन त्यांनी बायकांना शास्त्र वाचून दाखवलं होतं. मलाही पहिली अक्षरं त्यांनीच शिकवली होती, त्यामुळे त्यांच्यासमोर मी कायम पहिलीतच असे.

"बोल हनोख. पोरीनं धाडलं ना तुला?"

"हो. म्हणजे, मलाही वाटलं की… ते लोकही प्रभूलाच मानतात. आणि इतिहास पाहिला तर दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखं…"

"तू कंच्या बाजूचा, ते सांग."

मी कपात पाहिलं.

"सलोमीनं कागदावर सही केलीय, ठाऊक आहे तुला?" त्या म्हणाल्या. "होणारं लेकरू त्यांच्याकडंच बाप्तिस्मा घेईल म्हणून. अजून लेकरू पोटात न्हाई, आणि त्याच्या नावानं कागद झाला. मी ज्यांच्या दारात उन्हातान्हाची गेले त्यांची लेकरं वाचायला लागली. आणि माझ्या घरातलं लेकरू माळ ओढणार. त्याला पुस्तक कोण वाचून दाखवणार? मी मरून गेलेली असणार."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. पलीकडेही आता लॅटिन जाऊन मराठीत मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, सुरू झाली होती, शास्त्र मराठीत वाचत होते, हे मला माहीत होतं. पण मी ते म्हणालो नाही. म्हणालो, "तुमचंही बरोबर आहे."

"आणि त्यांचं?"

"त्यांचंही… त्यांच्या परीने…"

"चहा पी. निवतोय."

मी प्यायलो. उठताना त्यांनी विचारलं, "वर्गात पोरीला काय शिकवलंस?"

"जर्मनीतल्या सुधारणेचा इतिहास."

"आरं देवा," राहेलबाई म्हणाल्या. "ती विचारतीय माझी बहीण माझी राहील का, आणि तू तिला जर्मनी दाखवतोस व्हय?" मग माझ्याकडे न बघता, "नाओमी करवली म्हणून जाऊ दे. लेकराला काय अडवायचं. मी ओढा ओलांडायची न्हाई."

बुधवारी सकाळी दहाला लग्न होतं. आमच्या पाळकसाहेबांनी कुणाला मना केलं नव्हतं. ते फक्त म्हणाले होते, "मी जाणार नाही." तेवढं पुरेसं होतं. आमच्या आळीतून नाओमी गेली, सलोमीबरोबरच्या दोन नर्स गेल्या आणि मी गेलो. नाओमीला हो म्हटलं होतं ते जमलं नव्हतं, निदान लग्नाला तरी जावं म्हणून गेलो. अगदी शेवटच्या बाकावर, दाराशी बसलो, म्हणजे कुणी विचारलं तर आत होतो असंही म्हणता येईल आणि दारात होतो असंही.

रोमन देवळात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. मेणबत्त्या, उदाचा वास, मारियेच्या पुतळ्यापुढे मोगऱ्याच्या वेण्या. पुढच्या बाकावर नाओमी, पिवळ्या परकरात, केसांत अबोली. शेजारी पास्कल. त्याचं कोपर सारखं हलत होतं आणि ती उठत होती, बसत होती, गुडघे टेकत होती. एकदा त्याने चुकून कोपर मारलं असावं, कारण ती एकटीच उभी राहिली आणि लगेच बसली. बायका पदराआड हसल्या.

वचनं झाली, अंगठ्या झाल्या. मग फादर पिंटोंनी सगळ्यांना प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितलं. वयस्कर माणूस, वसईकडचा. सगळं देऊळ एका आवाजात म्हणू लागलं. शब्द थोडे इकडचे तिकडे होते, पण तीच प्रार्थना. नाओमीचा आवाज मला मागेही ऐकू येत होता. इतका वेळ कोपराच्या इशाऱ्यावर चाललेल्या त्या मुलीला अखेर आपलं असं काहीतरी सापडलं होतं आणि ती मोकळ्या गळ्याने म्हणत होती.

त्यांच्यात ती प्रार्थना वाइटापासून सोडवण्याच्या मागणीवर संपते. आमच्यात पुढे आणखी एक ओळ असते, राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचं असल्याची. आमची मुलं ती पाळण्यातच शिकतात. आमच्या ओठांना तिथे थांबणं ठाऊकच नाही.

सगळं देऊळ थांबलं. नाओमी पुढे गेली.

"कारण राज्य…" तिचा एकटीचा आवाज त्या शांततेत इतका मोठा वाटला की पुढची सगळी डोकी वळली. तिने आजूबाजूला पाहिलं. पास्कलचं कोपर जागच्या जागी राहिलं होतं, याचा इशारा त्यालाही माहीत नव्हता. तिचा आवाज चिरकला आणि बंद पडला. मग ती पूर्ण मागे वळली आणि बाकांच्या रांगांवरून तिने माझ्याकडे पाहिलं.

मला ती ओळ येत होती. दुसरं काय येत होतं मला? माझं तोंड उघडलंही होतं. पण शंभर माणसं तिच्या नजरेमागोमाग माझ्याकडे पाहू लागली, आणि मी खाली बघितलं.

तेव्हा बाहेरून आवाज आला. उन्हातान्हात, चावडीवर, विहिरीवर चाळीस वर्षं वाचून तयार झालेला आवाज. त्याने ती ओळ जिथे तुटली होती तिथून उचलली आणि शेवटपर्यंत नेली. एकही शब्द घाईत नाही. सर्वकाळपर्यंत. आमेन.

मी दारातून पाहिलं. देवळाच्या आवारात कडुलिंबाखाली राहेलबाई उभ्या होत्या. लुगड्याचे काठ ओले. त्या दगडांवरून आल्या नव्हत्या, सरळ पाण्यातून आल्या होत्या.

फादर पिंटो वेदीपाशी हात जोडून थांबले होते. तेही "आमेन" म्हणाले, आणि त्यांचं ऐकून सगळं देऊळ "आमेन" म्हणालं. मग ते मोठ्याने म्हणाले, "आजी, बाहेर कशाला? आत या."

"मी हितं बरी आहे," राहेलबाई म्हणाल्या. "तुमचं चालू द्या. मला ऐकायला येतंय."

विधी पुढे चालू झाला. शास्त्रातला भाग मराठीत वाचला गेला तेव्हा मी पुन्हा बाहेर पाहिलं. राहेलबाईंचे ओठ वाचणाऱ्याबरोबर हलत होते.

विधी संपला तशी सलोमी नवऱ्याचा हात सोडून बाहेर धावली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. आता काय होणार म्हणून सगळं गाव दारात गोळा झालं. राहेलबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा इकडे तिकडे वळवून पाहिला.

"अंबाडा कुणी घातला हा? सुटायला आलाय. बस खाली."

आणि नवरी शालूसकट लिंबाच्या पारावर बसली. तिचा अंबाडा पुन्हा घालून होईपर्यंत वऱ्हाड, बँडवाले आणि फादरसुद्धा उभे राहिले. आंतोन जवळ आला तेव्हा राहेलबाई त्याला म्हणाल्या, "रविवारी दोघं जेवायला या. ओढ्याला पाणी कमी आहे."

मी त्या गर्दीतून निघून गेलो. नाओमीला मला काही विचारता येऊ नये म्हणून.

जूनमध्ये ती नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात गेली आणि तिने पत्रात विचारलं. दुसरा प्रश्न असा होता: "गुरुजी, तुम्हाला ती ओळ येत होती ना? मग तुम्ही माझ्याबरोबर का म्हणाला नाहीत?"

मी उत्तरं लिहिली नाहीत असं नाही. पहिल्या प्रश्नाची तर कितीतरी लिहिली. एक अकरा पानांचं होतं. ते वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या प्रश्नाला हात लागू नये म्हणून पहिल्याची पानं वाढताहेत. मी ते फाडलं. नंतर माझी बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. नाओमी कुठे असेल, हे विचारायचंही मी टाळलं.

गेल्या पावसाळ्यात नगरला मुलाच्या घरी माझ्याकडे एक पाहुणा आला. डोक्यावर टोपी, हातात पपई. "गुरुजी, वळखलं का? पास्कल. एस.टी.त कंडक्टर होतो, आता रिटायर."

मी त्याला बसवलं. राहेलबाई गेल्या त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, हे मला ऐकून माहीत होतं. सलोमीला दोन मुलं झाली. दोघांचा बाप्तिस्मा पलीकडे झाला, आणि दोघांना शास्त्र वाचायला राहेलबाईंनी शिकवलं, हे त्याने सांगितलं. "वहिनी सकाळी माळ घेती आणि संध्याकाळी म्हातारीचं पुस्तक. दादा म्हणतो, हिनं देवाला दोन्हीकडून घेरलंय."

मी हसलो. मग विचारलं, "नाओमी?"

"ती जालन्याला. हेडबाई होती, आता घरीच. पण रविवारी पोरांना शिकवती अजून. मी मागल्या महिन्यात गेलतो, तवा वर्गातच बसलो. एका पोरीनं इचारलं, बाई, ख्रिस्ती लोकांत इतकी देवळं का? तर नाओमीनं दादा-वहिनीच्या लग्नाची गोष्ट सांगितली. कोपराची, ओळीची, आजीची. समदी."

मी चहाचा कप खाली ठेवला. "माझंही सांगितलं?"

"सांगितलं की. पोरं लई हुशार. एकानं इचारलं, बाई, ते गुरुजी का गप बसले?"

"मग? काय म्हणाली ती?"

पास्कलने पपई टेबलावर नीट टेकवली. "म्हणली, मी इचारलंय त्यांना. अजून उत्तर यायचंय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो जालन्याचा पत्ता लिहून देऊन गेला.

मी त्याच रात्री बसलो नाही. मला अजून दोन आठवडे लागले. वय पंच्याऐंशी, हात कापतो, हे कारण मी स्वतःला रोज देत होतो. शेवटी एका सकाळी मुलगा-सून कामाला गेल्यावर कागद घेतला. तीन जाड पुस्तकं अजून कपाटात आहेत. ती काढली नाहीत.

"प्रिय नाओमी," मी लिहिलं, "तुझं पत्र मिळालं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मला ती ओळ येत होती. मी भ्यालो. देवाला नाही, फादरांनाही नाही. लोक माझ्याकडे पाहत होते म्हणून. तू दहा वर्षांची होतीस आणि एकटी होतीस, आणि मी तुझा गुरुजी होतो. माझं चुकलं.

"पहिल्याचं पूर्ण उत्तर मला अजून येत नाही. तुझ्या वर्गातल्या मुलांना जर्मनी जरूर सांग, पण नंतर. आधी हे सांग की दोन्हीकडच्या माणसांना देवाबद्दल काहीतरी इतकं मोलाचं वाटलं की ते सांडेल या भीतीने त्यांनी ते घट्ट धरलं, आणि दोन्ही हात त्यातच अडकल्यामुळे एकमेकांचा हात धरायला हात उरला नाही. काही बाबतींत ते आजही एकमेकांशी सहमत नाहीत, आणि तसं खोटं सांगू नकोस. मुलांना कळतं. तुझी आजीही शेवटपर्यंत सहमत झाली नाही. तरी ती पाण्यातून आली. मुलांनी आणखी विचारलं तर मला कळव. या वेळी लवकर लिहीन."

एकच पान झालं. पुन्हा वाचलं असतं तर पाठवलं नसतं, म्हणून वाचलं नाही. पाकीट चिकटवलं, काठी घेतली आणि पोस्टात गेलो.

खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनाला ठेवलं. "आजोबा, साधं पाठवायचं की स्पीड पोस्ट? स्पीड पोस्ट जालन्याला दोन दिवसांत जाईल."

"स्पीड पोस्ट करा," मी म्हणालो. "थोडा उशीर झालाय."

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.